पाचशेचे सातशे करताना

प्रश्न : माझ्याकडे निकॉनची डी ७५०० ही बॉडी आणि २००-५०० मिमी एफ ५.६ ही झूम लेन्स आहे. हिवाळ्यात भिगवणला होडीतून रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक अशा पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. नावाडी एका मर्यादेपलीकडे पक्ष्यांजवळ जात नाही आणि त्याने जाऊही नये असे मलाही वाटते. अशा वेळी १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (बॉडी आणि लेन्स यांच्या मध्ये बसून लेन्सचा पल्ला तेवढ्या पटीने वाढवणारी काचेची जोडणी) घ्यावा की २ पटीचा? की ५०० मिमीवर काढलेले छायाचित्र नंतर क्रॉप केलेले, म्हणजे कडा कापून मोठे केलेले बरे? — एक वाचक, बारामती

उत्तर : २ पटीच्या कन्व्हर्टरचा विचार आपण सोडून द्यावा. तो लावला की एफ ५.६ ची लेन्स एफ ११ होते (एफचा आकडा वाढतो तसे प्रकाश येण्याचे भोक, म्हणजे अॅपर्चर, फोकल लेंथच्या मानाने लहान होते) आणि आपल्या बॉडीचा ऑटोफोकस तेथे भरवशाने चालत नाही. डीएसएलआरमध्ये फोकससाठीचा वेगळा सेन्सर आरशाखाली असतो. लेन्सच्या समोरासमोरच्या दोन कडांकडून आलेले किरण ताडून पाहून तो फोकस कोठे आहे हे ठरवतो. अॅपर्चर जसजसे लहान होते, तसतशा या कडा एकमेकींजवळ सरकतात आणि एका टप्प्यानंतर सेन्सरच्या वाट्याला पुरेसे किरण येतच नाहीत. डी ७५०० मध्ये ५१ फोकस बिंदू आहेत, पण एफ ८ ला त्यांपैकी फक्त मधल्या एका बिंदूचा भरवसा धरता येतो. १.४ पटीचा कन्व्हर्टर आपल्या लेन्सला नेमका एफ ८ वर आणून ठेवतो, म्हणजे आपण अगदी काठावर उभे असाल. १५०-६०० मिमीच्या एफ ६.३ पर्यंत जाणाऱ्या लेन्स वापरणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे, कारण त्या एफ ९ वर पोहोचतात.

आता क्रॉपबद्दल. कन्व्हर्टर प्रकाश ‘खातो’ असे सर्रास म्हटले जाते, पण पक्ष्याकडून येणाऱ्या प्रकाशाचा हिशेब वेगळा आहे. ५०० मिमी एफ ५.६ म्हणजे सुमारे ८९ मिमी व्यासाची खिडकी. कन्व्हर्टर लावल्यावर ७०० मिमी एफ ८ होते, तेव्हाही ती खिडकी जवळपास तेवढीच राहते. तेवढेच तूप दुप्पट मोठ्या भाकरीवर पसरावे तसा पक्ष्याकडून आलेला तेवढाच प्रकाश सेन्सरच्या दुप्पट क्षेत्रावर पसरतो. म्हणूनच शटर स्पीड तोच ठेवायचा तर आयएसओ (सेन्सरच्या प्रकाशसंवेदनेचा आकडा) दुप्पट करावा लागतो; परंतु क्रॉप करून तेवढ्याच आकाराला मोठ्या केलेल्या छायाचित्राशी तुलना केली तर चित्रात दिसणाऱ्या रवाळ दाण्यांच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखीच ठरतात. मिळायचे ते फक्त तपशिलात मिळते, आणि तेही लेन्समध्ये सेन्सर टिपू शकतो त्याहून अधिक बारकावा शिल्लक असेल तरच.

आपल्या सेन्सरवर २०.९ मेगापिक्सेल आहेत. ५०० मिमीची चौकट क्रॉप करून ७०० मिमीच्या चौकटीइतकी केली, तर साधारण १०.७ मेगापिक्सेल उरतात आणि ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सुमारे १३ बाय ९ इंचांचा छाप निघतो. मासिकाचे पूर्ण पान भरण्यास तो पुरेसा आहे. त्यामुळे बहुतेक वेळा आपले काम क्रॉपनेच भागेल असे माझे मत आहे. कन्व्हर्टरची गरज पडते ती याच्याही पुढे क्रॉप करण्याची वेळ येते तेव्हा. उदाहरणार्थ, रोहिताच्या डोळ्याभोवतीची कातडी किंवा चित्रबलाकाच्या छातीवरचा काळा-पांढरा पट्टा पिसागणिक दिसावा अशी इच्छा असेल तेव्हा.

विकत घेण्यापूर्वी कन्व्हर्टर एक दिवस भाड्याने आणावा आणि घरीच कसून पाहावा. वर्तमानपत्राचे पान भिंतीवर सपाट चिकटवून सुमारे १५ मीटर अंतरावर कॅमेरा भक्कम तिवईवर लावावा, व्हीआर (लेन्समधली कंप थोपवणारी सोय) बंद करावे आणि लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचे चित्र) मोठे करून हाताने फोकस करावा, म्हणजे ऑटोफोकसची चूक परीक्षेत मिसळणार नाही. आधी नुसत्या लेन्सने एफ ५.६ आणि एफ ८ ला, मग कन्व्हर्टर लावून एफ ८ आणि एफ ११ ला चित्रे घ्यावीत. नुसत्या लेन्सची चित्रे १.४ पट मोठी करून शेजारी ठेवली, की छोट्या जाहिरातींतली बारीक अक्षरे निकाल देतात. कन्व्हर्टरच्या चित्रात अनुस्वार आणि जोडाक्षरे अधिक सुटी वाचता आली, तर पैसे सत्कारणी लागतील. दोन्हींत सारखीच वाचता आली, तर घेऊ नये. झूम लेन्स तिच्या लांब टोकाला बहुधा थोडी मऊ असते आणि कन्व्हर्टर तो मऊपणाही १.४ पट मोठा करतो. सरळ एकाच फोकल लेंथच्या महागड्या लेन्सवर कन्व्हर्टर छान चालतो आणि झूमवर तोच फिका पडतो, यामागचे मुख्य कारण हेच आहे.

परीक्षेत उत्तीर्ण झाला, तरी भिगवणला तो दिवसभर लावून ठेवण्याची वस्तू नाही. उन्हाने तापलेल्या पाण्यावरून हवा थरथरू लागली की लांब पल्ल्यावर कोणतीही काच उपयोगी पडत नाही. ती थरथर ७०० मिमीला फक्त मोठी होऊन दिसते. सूर्योदयानंतर थोडा वेळ जाऊन उजेड स्वच्छ झाला आणि अजून झळा उठलेल्या नाहीत, ही त्याची खरी वेळ. लख्ख उन्हात एफ ८ आणि आयएसओ ४०० ला साधारण १/१६०० सेकंद मिळतो, आणि हलत्या होडीतून ७०० मिमी हाताळायला तेवढा वेग हवाच. व्हीआर हाताचा कंप थोपवते, पक्ष्याच्या पंखांची हालचाल थोपवत नाही. थवा उठताना मात्र कन्व्हर्टर काढून ठेवावा. एका मधल्या बिंदूने उडता पक्षी धरणे फार कठीण जाते, शिवाय ७०० मिमीच्या अरुंद चौकटीत तो सापडेपर्यंत क्षण निघून जातो.

आणखी एक गोष्ट. आपल्या बॉडीत ऑटोफोकसची सूक्ष्म जुळणी करता येते आणि लेन्स व कन्व्हर्टर यांच्या जोडीसाठी वेगळा आकडा साठवता येतो. नुसत्या लेन्सची जुळणी जोडीला लागू पडेल असे गृहीत धरू नये. अनेकांनी ‘कन्व्हर्टर मऊ आहे’ म्हणून बाजूला टाकलेला असतो आणि प्रत्यक्षात फोकस चोचीऐवजी पाठीवर पडत असतो.

प्रश्न : कॅननच्या आर ७ वर आरएफ १००-५०० मिमी वापरतो. ताडोब्यासाठी १.४ पटीचा एक्स्टेंडर (कॅननचा टेलिकन्व्हर्टर) घेतला, पण तो लावल्यावर झूम ३०० मिमीच्या मागे जात नाही. यात काही बिघाड आहे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : बिघाड नाही, रचनाच तशी आहे. एक्स्टेंडरची पुढची काच नळीसारखी लेन्सच्या आत शिरते. या लेन्सची मागची काच ३०० मिमीच्या पुढे झूम केल्यावरच तिला जागा करून देते. म्हणून जोडीचा पल्ला ४२० ते ७०० मिमी एवढाच राहतो, लांब टोकाला एफ ७.१ चे एफ १० होते आणि लेन्स आखडून बॅगेत ठेवता येत नाही.

आपली बॉडी मिररलेस, म्हणजे आरसा नसलेली असल्याने ऑटोफोकस एफ १० लाही चालेल, कारण तेथे फोकसचे मोजमाप मुख्य सेन्सरवरच होते. तरीही मी आपल्याला तो जिप्सीत लावून बसण्याचा सल्ला देणार नाही. आर ७ च्या लहान सेन्सरमुळे ५०० मिमीची चौकट ८०० मिमीइतकी अरुंद आधीच झालेली असते. त्यात तिचा एकेक पिक्सेल सुमारे ३.२ मायक्रॉनचा आहे, तर एफ १० ला विवर्तनामुळे (लहान भोकातून जाताना प्रकाश फाकतो त्यामुळे) प्रकाशाच्या एका बिंदूचा ठिपका साधारण १३ मायक्रॉन पसरतो. म्हणजे सेन्सर आधीच लेन्सपेक्षा बारीक विणीचा आहे आणि एक्स्टेंडरला मिळवून देण्यासारखे फार थोडे उरते. पहाटेच्या फेरीत सागाच्या सावलीत एफ ७.१ सुद्धा तोकडे पडते. वाघ रस्त्यावरून चालत समोर आला, तर ४२० मिमीला त्याचे नुसते तोंड चौकटीत मावेल, आणि त्या धुळीत लेन्स उघडून एक्स्टेंडर काढणे म्हणजे सेन्सरवर माती घेणे. तळ्याच्या पैलतीरावर बसलेला शिकारी पक्षी, दुपारचा भरपूर उजेड, हवा थंड आणि गाडी थांबलेली, एवढे जुळून आले तर तो जरूर लावावा, आणि लावायचा तो गाडी हलण्यापूर्वी.

प्रश्न : ७०-३०० मिमीच्या साध्या लेन्ससाठी जुन्या बाजारात २ पटीचा स्वस्त कन्व्हर्टर मिळतो आहे. घ्यावा का? — एक वाचक, सांगली

उत्तर : घेऊ नये. काही कन्व्हर्टरची पुढे आलेली काच अशा लेन्सच्या मागच्या काचेला लागून ओरखडा पडू शकतो. आणि बसला तरी उजेड चौथाई राहून ऑटोफोकस हातचा जातो.

प्रश्न : कन्व्हर्टर लावून चतुर आणि फुलपाखरे जवळून टिपता येतात असे ऐकले. खरे आहे का? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : खरे आहे, आणि झूम लेन्सवर कन्व्हर्टरचा मला सर्वांत आवडणारा उपयोग हाच आहे. कन्व्हर्टरने लेन्सचे सर्वांत जवळचे फोकस अंतर बदलत नाही, प्रतिमा मात्र १.४ पट मोठी होते. वर उल्लेखलेल्या निकॉन २००-५०० चे उदाहरण घ्यावे. ती २.२ मीटरपासून फोकस करते आणि तेथे डीएक्स (डी ७५०० मधल्यासारख्या लहान आकाराच्या) सेन्सरवर सुमारे १०.७ सेंटिमीटर रुंदीचा भाग मावतो. कन्व्हर्टर लावल्यावर त्याच अंतरावरून ७.६ सेंटिमीटर भाग चौकट भरतो. पाणथळीच्या काठावर गवताच्या टोकाशी बसलेला चतुर यात उत्तम बसतो आणि दोन मीटर लांब राहिल्याने तो उडूनही जात नाही. ब्ल्यू मॉर्मन हे आपले राज्य फुलपाखरू मात्र पंख पसरल्यावर १२ ते १५ सेंटिमीटर भरते. त्याच्यासाठी नुसती लेन्सच घेऊन थोडे मागे सरकावे. एवढ्या जवळून फोकसची खोली काही मिलिमीटरच उरते, तेव्हा चतुराचे शरीर सेन्सरला समांतर येईल अशी जागा धरावी, एफ ११ लावावे, आणि वाऱ्याने गवत हलत असेल तर झुळूक थांबेपर्यंत बटण दाबू नये.