वाढदिवसाचा केक आईनंच करायला हवा का?

प्रिय 'केकला कंटाळलेली',

लेकीचा वाढदिवस जवळ आलाय. जाऊबाई मुलांचे केक घरीच करतात, म्हणून सगळ्यांना तुझ्याकडूनही तीच अपेक्षा आहे. तुला मुळात आवड नाही, आणि बिनअंड्याचा केक दर वेळी मध्येच खचतो. 'माझ्या हाताला गुणच नाही का?' असं तू विचारलं आहेस.

हाताला काही झालेलं नाही. दीड कप मैद्याला तू दोन चमचे खाण्याचा सोडा घालतेस. त्यानं केक भसकन वर येतो, बसतो आणि तोंडात साबणासारखी चव राहते. एक कप दही असेल तर अर्धा छोटा चमचा सोडा आणि सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर पुरे. पावडर जुनी असेल तर चिमूटभर गरम पाण्यात टाकून बघ. फसफसली नाही तर नवी आण. कप मात्र २४० मिलीच्या मापाचाच घे, चहाचा नको. आणि मिश्रण झाल्यावर ओव्हन लावतेस ना, ते उलट कर. दही आणि सोडा भेटले की बुडबुडे लगेच सुरू होतात, ओव्हन तापेपर्यंत निम्मे विरतात. १८० अंशांवर आधी दहा मिनिटं तापव, मगच मैदा घाल, जेमतेम एकजीव होईपर्यंतच हलव. पहिली पंचवीस मिनिटं दार उघडू नकोस.

एवढं केलंस तर केक होईल. तरी तो करावासा वाटेल का, याची मला शंका आहे, आणि नाही वाटलं तर मी तुझ्याच बाजूची आहे. आपल्याकडे कित्येक घरांतून रवा-मैदा, तूप, साखर बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणत. तिला कुणी बाहेरची म्हटलं नाही.

तुझ्या पत्रात सासूबाई काय म्हणाल्या ते आहे, जाऊबाईंचंही आहे. लेकीला काय हवंय, ते कुठेच नाही. आज तिलाच विचार. बेकरीतला गुलाबी केक हवा असेल तर आणायचं काम तिच्या बाबांकडे दे. घरचाच हवा असेल तर जाऊबाईंना मोकळेपणानं सांग, 'ताई, केक तुम्ही कराल का? बटाटेवडे माझ्याकडे.' वडे तुला मनापासून आवडतात, हे तूच लिहिलं आहेस.

तुझी,
मावशी