२६६६च्या जोडीला ३२००ची रॅम: चालेल, पण कुठली ते बघून घ्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आय५-१०४०० प्रोसेसर, एच४१० चिपसेटचा मदरबोर्ड, आत ८ जीबीची एकच डीडीआर४ २६६६ (हा तिचा वेग) रॅमची स्टिक. अजून ८ जीबी टाकायची आहे, पण दुकानदार म्हणतो २६६६ मिळत नाही, ३२०० घ्या, मशीन पळायला लागेल.

३२०० बिनधास्त घ्या. पळायला लागेल वगैरे मात्र सोडून द्या. दोन वेगवेगळ्या वेगांच्या स्टिक लावल्या की बोर्ड दोन्ही स्टिक दोघींना झेपेल अशा वेगावर चालवतो. आणि समजा जुनी काढून दोन्ही नव्या ३२०० लावल्या, तरी १०४०० अधिकृतपणे २६६६पर्यंतच जातो आणि एच४१० त्यापुढे जाऊ देत नाही. म्हणजे वेगासाठी जास्तीचा एक रुपयाही मोजू नका.

खरी गोम वेगळीच आहे आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. खोक्यावर ३२०० लिहिलेल्या स्टिक दोन जातीच्या असतात. एक साधी, हिरव्या किंवा काळ्या पट्टीची: सीएल२२ (सीएल म्हणजे डेटा मागितल्यावर तो मिळेपर्यंत किती ठोके जातात ते), १.२ व्होल्ट. हिचा ३२०० हा जेडेकच्या (मेमरीची मानकं ठरवणारी संस्था) प्रमाणातला, जन्मजात वेग. स्टिकवरच्या एसपीडी चिपमध्ये त्याखालच्या वेगांचा तक्ता भरलेला असतो, त्यात २६६६ही असतो, त्यामुळे बोर्ड काही न सांगता ती तिथे बसवतो. दुसरी गेमिंगवाली: वर अॅल्युमिनियमचं कवच, सीएल१६, १.३५ व्होल्ट. हिचा ३२०० एक्सएमपी प्रोफाइलमधला (वाढीव वेगाची तयार सेटिंग) असतो, म्हणजे बायोसमध्ये, बोर्डाच्या सेटिंगच्या पानावर, जाऊन चालू केला तरच. तिचा मूळ जेडेक वेग बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० इतकाच असतो. एच४१०सारख्या बोर्डावर प्रोफाइल नीट लागलं नाही, तर ही महागडी स्टिक तुमच्या जुन्या २६६६लाही २१३३वर खाली ओढेल. पैसे जास्त, वेग कमी!

म्हणून दुकानात दिव्यांच्या झगमगाटाकडे न बघता लेबल वाचा. १.३५ व्होल्ट दिसलं की ठेवून द्या. साध्या स्टिकवर बहुतेक वेळा ‘पीसी४-३२००एए’ किंवा ‘पीसी४-२५६००’ असं छापलेलं असतं. तुमच्या आत्ताच्या स्टिकवर ‘२६६६व्ही’ किंवा ‘२१३००’ असेल. २५६०० हा आकडा बघून दचकू नका, ३२००ला ८ने गुणलं की तो येतो: सेकंदाला इतके मेगाबाइट.

सीएलचं एवढं मनावर घेऊ नका. ३२०० सीएल१६चा विलंब १० नॅनोसेकंद, २६६६ सीएल१९चा सव्वाचौदा. कागदावर फरक मोठा वाटतो, पण ब्राउझर, टॅली, एक्सेल यांत तो जाणवणार नाही.

तुम्हाला खरा फायदा होणार आहे तो दुसऱ्या चॅनेलचा, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या दुसऱ्या वाटेचा. २६६६ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २१.३ जीबी डेटा नेते, दोन चॅनेलवर तेच ४२.६ होतं. वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक, यूएचडी ६३०, याच रॅमवर जगतं, त्यामुळे तिथे फरक डोळ्यांना दिसेल. ८च्या जोडीला १६ टाकली तरी चालते. ८+८ इतका भाग दुहेरी चॅनेलवर आणि उरलेला ८ एकेरीवर जातो. बजेट असेल तर मी तेच करेन, कारण एच४१०वर बहुतेक दोनच स्लॉट असतात, पुढे वाढवायचं म्हटलं तर एक स्टिक काढावीच लागेल.

जुन्या बाजारात स्वस्त १६ जीबी दिसली आणि लेबलवर ‘ईसीसी रजिस्टर्ड’ असेल तर हात लावू नका. ती सर्व्हरची, घरच्या बोर्डावर चालत नाही. डीडीआर३ आणि डीडीआर५ची खाचच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवायला जाऊ नका.

बसवताना बटण बंद करून भागत नाही, वायरही काढा. स्टिक दोन्ही टोकांना खट् आवाज येईपर्यंत दाबा. पहिल्यांदा चालू केल्यावर थोडा वेळ स्क्रीन काळी राहील, कदाचित मशीन आपणहून एकदा-दोनदा रीस्टार्ट होईल. बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबत बसू नका. नंतर टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग २६६६ किंवा २६६७ दिसला पाहिजे. सीपीयू-झी या मशीनची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १३३३ दिसेल, तेही बरोबरच आहे: घड्याळाच्या एका ठोक्याला डेटा दोनदा जातो, आणि तिथे ठोके मोजलेले असतात. २१३३ (सीपीयू-झीत १०६६) दिसलं तर त्याच सॉफ्टवेअरच्या एसपीडी टॅबवर नव्या स्टिकचा स्लॉट निवडून जेडेकचे रकाने बघा, मग बायोसमध्ये मेमरीचा वेग ऑटोवरून २६६६ करून पाहा.

शेवटी रात्री झोपताना मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावून ठेवा. एक जरी एरर आली तरी आधी नवी स्टिक एकटी लावून पुन्हा तपासा, आणि तीच सदोष निघाली तर परत करा. त्यासाठी बिल घ्याच, आणि बदलून देण्याची मुदत किती दिवसांची ते पैसे देण्याआधी विचारून घ्या.