डांब, ताण आणि माती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, मांडव वाय पद्धतीचा, म्हणजे इंग्रजी Y आकाराचा. दरवर्षी माल भरत आला की ओळीच्या टोकाचे अँगल (लोखंडी खांब) आतल्या बाजूला झुकतात आणि ताणाचा दगड, म्हणजे अँगलला बाहेरून ओढून धरणारी तार ज्याला बांधतो तो पुरलेला दगड, हळूहळू वर येतो. गेल्या वर्षी प्रत्येक टोकाला दोन-दोन घमेली काँक्रीट जास्तीचं टाकलं तरी तेच झालं. अजून किती सिमेंट टाकायचं?

दादा, सिमेंट अजिबात वाढवू नका, आधी माझं ऐका. हाच खर्च मी पण केलाय आणि तो वाया गेलाय. आमची थॉमसन जातीच्या द्राक्षाची बाग होती, फेब्रुवारीत माल उतरायला दहा-बारा दिवस राहिले होते आणि रात्री अवकाळी आला, वारं सुटलं, सकाळी जाऊन बघितलं तर एका बाजूच्या अकरा ओळी बसलेल्या. एकही अँगल मोडला नव्हता, एकही तार तुटली नव्हती, ताणाचे दगड मात्र दाढ उपटावी तसे मुळासकट वर आले होते. त्या दिवसापासून मी मांडव बघायला गेलो की खांबाकडे नंतर बघतो, आधी माती बघतो.

आता हिशोब बघा, कारण जोर किती येतो हे कळल्याशिवाय पुढचं काही पटणार नाही. एकरी 10 टन माल धरा, ओळीतलं अंतर 9 फूट. एकरात 43,560 चौरस फूट, म्हणजे ओळींची एकूण लांबी झाली साधारण 4,840 फूट, म्हणजे ओळीच्या प्रत्येक फुटाला दोन किलोच्या वर नुसता माल, पाला-काडी वेगळी. दोन अँगलमध्ये 15 फूट अंतर असेल तर मधे तीस किलो लटकतात. तीस किलो ऐकायला काहीच वाटत नाही. पण तारेला मधे दोन इंच झोळ असेल तर तेवढ्या वजनाने सगळ्या तारा मिळून आडवा ताण जवळपास 340 किलोचा येतो, आणि तुम्ही हौसेने तार कडक ओढून झोळ एकच इंच ठेवला तर हाच ताण दुप्पट, 680 किलोच्या आसपास. विहिरीवर आडव्या बांधलेल्या दोरीच्या मधोमध कळशी अडकवून बघा, दोरी जितकी ताठ तितकी दोन्ही टोकांची खुंटी जास्त ओढली जाते. म्हणून तार वीणेसारखी वाजली पाहिजे हा जो आग्रह असतो ना तो सोडा. त्यात उन्हात दुपारी ताणलेली तार थंडीत आखडते, 300 फुटाच्या ओळीत तीस अंशाचा फरक पडला तर सव्वा इंचाहून जास्त, आणि आपल्याकडे कडाक्याची थंडी नेमकी मणी भरायच्या काळातच असते.

आता हा सगळा आडवा जोर टोकाच्या अँगलवर येतो आणि तिथून ताणाच्या तारेने जमिनीत उतरतो. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती अंतरात. ट्रॅक्टर वळायला जागा पाहिजे म्हणून आपण दगड अँगलच्या पायाशी ओढून घेतो. अँगल जमिनीवर 6 फूट असेल तर दगड पण बाहेर 6 फुटावर पाहिजे, म्हणजे ताण 45 अंशात येतो आणि आडवा जोर जेवढा तेवढाच दगडाला वर उचलणारा जोर. तोच दगड 3 फुटावर आणला की वर उचलणारा जोर दुप्पट होतो, 340 चे 680. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात दगड मला तीन-साडेतीन फुटावर दिसतोय. जागाच नसेल तर टोकाची एक वेल कमी करा आणि अँगल आत घ्या, एक वेल गेली तरी चालेल पण ओळ बसायला नको.

दुसरं, दगड. पन्नास किलोचा दगड पुरला म्हणजे पन्नास किलोचंच वजन मिळालं, वर काँक्रीटची दोन घमेली घातली तर अजून थोडं. जो काही जोर धरला जातो तो त्या दगडाच्या वर बसलेल्या मातीमुळे. घनफूटभर माती 45 ते 50 किलो भरते, 2 बाय 2 च्या खड्ड्यात 3 फूट खोल आडवी फरशी किंवा लांबट दगड टाकला तर त्याच्या वर 12 घनफूट माती येते, म्हणजे पाचशे किलोच्या पुढे, शिवाय बाजूची न हललेली माती धरून ठेवते ते वेगळं. तोच दगड दीड फुटावर पुरला की निम्म्याहून कमी. म्हणून पैसे सिमेंटवर न घालता खोलीवर घाला, मजूर जास्त लागेल पण तो एकदाच.

आणि खड्डा घेताना एक करा, तळाशी गेल्यावर बागेच्या बाजूची भिंत आत कोरा, कपार केल्यासारखी, आणि दगड त्या कपारीत सरकवा. म्हणजे ताण बसला की दगड तुम्ही भरलेल्या भुसभुशीत मातीत न ओढला जाता कोऱ्या मातीखाली जाऊन अडकतो. ताणाचा गज दगडापासून वर येताना तिरकाच यायला हवा, अँगलच्या डोक्याच्या रेषेत, त्यासाठी बाजूने पहारीने अरुंद चर काढा. गज सरळ उभा वर काढून मग वाकवला तर लोड आल्यावर तो मातीला कापत सरळ होतो, आणि तेवढीच तार सैल पडते. मग आपण म्हणतो तार लांबली. तार नाही लांबली, गज सरळ झाला. जमिनीतून गज बाहेर पडतो तिथे वीतभर डांबर लावा, गंज कायम तिथेच धरतो.

भराई कशी करता? सगळी माती एकदम लोटून वर नाचायचं ही पद्धत बंद करा. चार-सहा इंचाचा थर, पहारीच्या बोथट टोकाने ठोसायचा, मग पुढचा थर. माती ओली हवी पण चिखल नको, मुठीत दाबली की लाडू झाला पाहिजे आणि हाताला पाणी लागलं नाही पाहिजे. अँगलच्या खड्ड्यात प्रत्येक थरानंतर अँगल धरून हलवून बघायचा, हलला तर परत ठोसायचा. हलवून खुंटा बळकट करणं म्हणतात ते जुन्या लोकांनी हेच करून म्हटलंय. अँगलच्या बुडाखाली फरशीचा तुकडा ठेवायला विसरू नका, कारण ताण त्याला खाली पण दाबतो, बूड खचलं की ताण आपोआप ढिला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही ड्रिपच्या लॅटरल फ्लश कुठे करता, म्हणजे ओळीतल्या नळ्या पाणी सोडून धुता कुठे? एंड कॅप, म्हणजे नळीचं टोपण, ओळीच्या टोकालाच असते ना. दर वेळी ते पाणी नेमकं ताणाच्या दगडावर सांडतं, आणि माती भिजून गच्च झाली की तिची पकड निम्म्यावर येते. माझ्या ज्या अकरा ओळी बसल्या ती फ्लशची बाजू होती, दुसऱ्या टोकाला एकही दगड हलला नव्हता. तेव्हा फ्लशचं पाणी पाइप लावून पाच-सहा फूट पुढे सोडा, आणि दगडाच्या डोक्यावर मातीचा उंचवटा करून ठेवा म्हणजे पावसाचं पाणी बाहेर पळेल.

हे काम खरड छाटणी (माल उतरल्यानंतरची छाटणी) झाली की लगेच घ्या, तेव्हा मांडवावर लोड नसतो. भरल्या मालात दगड काढायला जाऊ नका, आता फक्त झुकलेल्या टोकाला बाहेरून जास्तीचा तात्पुरता ताण द्या.

प्रश्न : परभणी जिल्ह्यात भारी काळी जमीन आहे. चार एकराला सिमेंटचे पोल आणि पाच पदरी काटेरी तार केली. दोनच वर्षांत कोपऱ्याचे पोल तिरके झाले आणि एक तर चक्क सहा इंच वर आलाय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो गुरं घासतात म्हणून. पोल वर कसा येईल?

येतो ताई, काळ्या जमिनीत येतो, गुरांचा त्यात काही दोष नाही. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा तुम्ही रोज बघताच. फुगताना ती पोलला धरून वर उचलते, आकसताना पोलला सोडते आणि पोल पूर्ण खाली बसत नाही कारण बुडाशी माती घसरलेली असते. दर वर्षी थोडं थोडं. शिवाय उन्हाळ्यात पोलभोवती फट पडते, पहिल्या पावसाचं पाणी थेट बुडात जातं, तिथे चिखल. अशा भेगा पडणाऱ्या जमिनीत इमारतींनाही हाच त्रास होतो, म्हणून रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेले पाइल (पायाचे खोल काँक्रीटचे खांब) काढले, आणि ते साडेतीन मीटरच्या आसपास नेतात कारण तेवढ्या खोलीवर ओल फारशी बदलत नाही. कुंपणाला आपण एवढं खोल जाऊ शकत नाही, पण आकार तोच घ्या.

कोपऱ्याचा खड्डा साडेतीन फूट, तळाशी रुंद वर अरुंद, उलटी बादली ठेवल्यासारखा. बहुतेक ठिकाणी उलटं होतं, वर तोंड मोठं आणि खाली निमुळतं, मग काँक्रीटचा भोवरा तयार होतो आणि फुगणारी माती त्याला सहज वर ढकलते. काँक्रीट फक्त खालच्या दीड-दोन फुटात, वर मुरूम ठोसून भरा, निघालेली काळी माती परत खड्ड्यात टाकूच नका, ती शेतात पसरा. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी आणि तोवर तार ओढायची नाही. कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी तार ओढायला येतो, त्याला परत पाठवा.

तिरक्या सपोर्टच्या पोलबद्दल. तो कोपऱ्याच्या पोलला अगदी जवळून, उभट लावला असेल तर तार ओढली की तो जॅकसारखं काम करतो आणि कोपऱ्याचा पोल उपटतो, तुमचा सहा इंच वर आलेला पोल मला त्यातलाच वाटतो. सपोर्टचा पाय लांब न्या, निदान पोलच्या उंचीएवढा, पायाखाली चपटा मोठा दगड, आणि दोन्ही तारांच्या दिशेला एकेक सपोर्ट. दर शंभर-सव्वाशे फुटाला मधेही एक जोडी द्या.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आंब्याची छोटी बाग. लाकडी खांब दोन पावसात जमिनीलगत कुजतात, लोखंडी पाइप तिथेच गंजतो. काय वापरू?

जमिनीलगतच का, तर तिथे ओल पण असते आणि हवा पण. खोल मातीतलं लाकूड त्यामानाने टिकतं. कातळात खणलेला खड्डा हा बादलीसारखा असतो, पाणी साठून राहतं, म्हणून तळाला वीतभर खडी टाका आणि उतारावर असाल तर उताराच्या बाजूने बारीक वाट काढून द्या. काँक्रीट जमिनीच्या दोन इंच वर आणून त्याला बाहेर उतार द्या, पाइपच्या भोवती खळगा राहता कामा नये. पाइप वरून बंद करा, उघड्या पाइपात चार महिने पाणी भरतं.

नुसती हद्दच धरायची असेल तर खरं सांगू, जिवंत खांब लावा. उंदीरमारीचे (गिरिपुष्पाचे) मनगटाएवढे सहा फुटी दांडके पावसाच्या तोंडावर दीड फूट पुरा, बरेचसे फुटतात, मुळं धरली की कुजायचा प्रश्न संपतो, आणि पाला आंब्याला खत म्हणून. तार मात्र पहिल्या वर्षी ओढायची नाही, मुळं धरू द्या.

प्रश्न : आम्ही टोरांटोजवळ राहतो. मागच्या अंगणातल्या कुंपणाचे खांब दर हिवाळ्यानंतर वर आलेले दिसतात. भारतातल्या मासिकाला विचारतेय, पण बाबा म्हणाले विचार.

बाबांना नमस्कार सांगा. वर परभणीच्या ताईंना लिहिलंय ते वाचा, तुमच्याकडे मातीऐवजी बर्फ तेच काम करतो. जमिनीतलं पाणी गोठून फुगतं, खांबाला कवटाळून वर उचलतं, खाली पोकळी होते आणि तिच्यात माती घसरते. तुमच्या भागात गोठण साधारण 4 फूट, म्हणजे 1.2 मीटर खोल जाते, तेव्हा खांबाचं बूड त्याच्या खाली गेलं पाहिजे. काँक्रीट गुळगुळीत नळीत ओता म्हणजे बर्फाला पकड मिळत नाही, आणि वर छत्रीसारखं पसरू देऊ नका. खोदायच्या आधी गॅस-विजेच्या लाइन मार्क करून घ्यायला फोन करणं ओंटॅरिओत कायद्याने बंधनकारक आहे, पैसे पडत नाहीत, ते नक्की करा.

प्रश्न : मे महिन्यात घरासमोरच्या रानात मुलीचं लग्न आहे. मागच्या वर्षी शेजाऱ्यांचा मांडव वळवाच्या पावसात उडाला, मेखा उपटून आल्या. काय काळजी घेऊ? (सातारा)

काका, आधी मांडववाल्याकडे मेखा बघून घ्या, दीड फुटी असतील तर बदलून मागा. तीन फुटी मेख, दोन फूट जमिनीत, डोकं मांडवाच्या विरुद्ध बाजूला झुकलेलं. दोरी मेखेच्या डोक्याला बांधायची नाही, अगदी जमिनीला टेकून बांधायची, वर बांधली की मेख तरफेसारखी हलते आणि भोक मोठं करते. चार कोपऱ्यांना आणि वाऱ्याच्या बाजूला दोन-दोन मेखा एकामागे एक ठोका, पुढच्या मेखेचं डोकं मागच्या मेखेच्या पायाशी दोरीने आवळून बांधा, पुढची उपटायला लागली की मागची तिला धरते.

मे महिन्यात रान दगडासारखं कडक असतं त्यामुळे मेख घट्ट बसली असं वाटतं, पण नांगरलेलं रान वरून कडक दिसलं तरी आत ढेकळंच असतात आणि एक सर आली की सुटतात, म्हणून मेखा शक्यतो बांधावर किंवा पडीक जागेत येतील असा मांडव आखा. मांडवाच्या कडेने हातभर चर काढून पाणी मेखांपासून लांब न्या. आणि बाजूच्या कनाती हे खरं शीड आहे, वारं त्यांच्यातच भरतं, तेव्हा दोन माणसं फक्त एवढ्याच कामाला ठेवा, आभाळ भरून आलं की कनाती सोडायच्या, पंगत बसलेली असली तरी.