खंबाटकी घाटात अपघात झाला तर १०८ ची गाडी कुठे लावावी? मागे बसलेल्या डॉक्टरांनी पट्टा लावायचा का?
पोलिसांची गाडी आधीच आली असेल तर मागून येणारी वाहनं अडवायचं काम तिच्यावर सोडा, अॅम्ब्युलन्स अपघाताच्या पुढे न्या. स्ट्रेचर मागच्या दारातून चढतं, ते दार वाहत्या ट्रॅफिककडे नको. तुम्हीच पहिले पोचलात तर गाडी अलीकडे, तिरकी, पुढची चाकं माणसांपासून वळवून लावा. ट्रॅफिकचे कोन (शंकू) वळणाच्या आधी ठेवा. वळणानंतर ठेवून उतारावरच्या ट्रकवाल्याला काय उपयोग?

पट्टा लावायचाच. सलाईन, ऑक्सिजन गाडी हलायच्या आधी उरका. सीपीआर (छाती दाबून हृदयाला मदत) मात्र पट्ट्यात बसून धड होत नाही (कागदावर सगळं होतं!), तेव्हा पायलटला, म्हणजे अॅम्ब्युलन्सच्या चालकाला, सावकाश घ्यायला सांगा. पेशंटला खांद्याचे पट्टेही हवेत, नुसता कमरेचा असला तर ब्रेक लागताच तो डोक्याकडे सरकतो.