नाट्यशिक्षकांचं निवासी शिबिर घेताय? मग दोन दिवस शिकवणं बंद ठेवा

परभणीच्या मॅडमनी विचारलंय की त्या वीसेक शिक्षक मिळून आपापल्या शाळांत गॅदरिंगची नाटकं आणि बालनाट्य स्पर्धा सांभाळतात, दरवर्षी तेच तेच होऊन सगळे कंटाळलेत, तर एखाद्या शनिवार-रविवारी कुठंतरी मुक्कामी जाऊन स्वतःच्या कलेसाठी काही करावं का, कुठं करावं, पुण्या-मुंबईचा नावाजलेला नट बोलवावा का आणि दोन दिवसांत काय काय घ्यावं.

मॅडम, नक्की करा. माझं मत आधी सरळ सांगतो. या शिबिरात "हे वर्गात कसं वापरायचं" हा प्रश्न रविवारी दुपारपर्यंत कुणी काढायचाच नाही, हे पहिल्याच तासाला ठरवून टाका. शिक्षकांची बहुतेक शिबिरं तिथंच फसतात. खेळ सुरू झाला की आपला शिक्षक खेळत नाही, वही काढून खेळ उतरवून घेतो, कारण डोक्यात सोमवारचा तास असतो. वर्षानुवर्षं आपण पोरांकडून करून घ्यायलोत, तू इकडं ये, तू मोठ्यानं बोल, पाठ दाखवू नको, आणि स्वतः स्टेजवर उभं राहून किती काळ लोटला ते आठवतही नाही. विहीर नुसती उपसत राहिलं आणि गाळ काढलाच नाही तर पाणी आटणारच ना. म्हणून दोन दिवस शिकवणं बंद आणि वह्या पिशवीत, सगळ्यांनी फ्लोअरवर उतरायचं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीवर बसून करायचं, पण करायचं.

नावाजलेल्या नटाबद्दल स्पष्टच बोलतो. तो येईल, दीड तास अनुभव सांगेल, फोटो होतील, सगळे खूश, आणि तुमच्या अंगात काहीच उतरलेलं नसेल. तेवढ्या पैशात फ्लोअरवर काम करून घेणारा एखादा प्रशिक्षक दोन्ही दिवस पूर्ण वेळ मिळतो. त्यासाठी लांब जायचीही गरज नाही, संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, नांदेडच्या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, तिथून शिकून गेलेली आणि गावोगाव काम करणारी मंडळी आपल्याच जिल्ह्यांत आहेत, त्यांना विचारा. आणि उद्घाटन ठेवूच नका. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, दोन साहेबांची भाषणं, यात शनिवार संपतो.

शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा बीड, लातूर, हिंगोलीहून येणारे लोक तीन-साडेतीनच्या आत जमत नाहीत, आणि रविवारी चारला निघाले तरच रात्री घरी पोचतात, म्हणजे दोन दिवस म्हटलं तरी हातात खरा दीडच दिवस. त्यात आठ सेशन कोंबू नका. आवाज, शरीर आणि एक लोककला, बास. एप्रिल-मेचं तर नावच काढू नका, पत्र्याच्या हॉलमध्ये त्या उन्हात कुणी हलू शकत नाही. जुलै-ऑगस्ट सगळ्यात बरा, स्पर्धेच्या संहितांची पळापळ तेव्हा सुरू झालेली नसते.

जागेचं म्हणाल तर परभणी-लातूर-बीडवाल्यांना मधलं म्हणून अंबाजोगाई चांगलं पडतं, गावात राहायची सोय होते आणि संध्याकाळी हत्तीखान्याच्या लेण्यांकडं किंवा मुकुंदराजांच्या समाधीकडं एक चक्कर मारता येते. संभाजीनगर-जालनावाले जास्त असतील तर वेरूळ-म्हैसमाळचा पट्टा बघा, फक्त शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाची गर्दी असते, त्या रस्त्यानं येणाऱ्यांना वेळ धरून निघायला सांगा. तुळजापूर मात्र रविवारी नको, गर्दीत आवाजाचं काम होत नाही. निवासी शाळेचा हॉल सुट्टीच्या दिवशी मिळाला तर त्यासारखं काही नाही, फरशी मोठी असते आणि स्वयंपाकघर जोडून असतं. जेवण हलकं ठेवा, भाकरी, पिठलं, वरणभात. रविवारी दुपारी श्रीखंड-पुरी दिली की तीनचं सेशन झोपलंच समजा. शिक्षिकांच्या मुक्कामाची आणि परतीच्या गाडीची सोय आधी पक्की करून मगच तारीख जाहीर करा, नाहीतर यादीत नुसते पुरुष राहतात आणि शाळांत नाटक बसवणाऱ्या निम्म्याहून जास्त तर बाया आहेत. लहान लेकरू असेल तर घेऊन या म्हणावं, आणि दोन दिवस साडीऐवजी ड्रेस घाला असंही आधीच कळवा, जमिनीवर बसायचं-लोळायचं काम असतं.

आता प्रत्यक्ष कामाचं. सुरुवात आवाजापासून करा कारण आपल्या लोकांचे गळे गेलेले असतात, साठ-साठ पोरांच्या वर्गात फळ्याशी उभं राहून ओरडायचं आणि वर तालमीत ओरडायचं. पहिला तास कुणी शब्दच बोलायचा नाही, पाठीवर आडवं पडून, पोटावर हात ठेवून श्वास, मग तोंड मिटून गुणगुण, ती गुणगुण छातीत, नाकात, कपाळात कुठं थरथरते ते बोटांनी चाचपून बघायचं, आणि त्याच थरथरीवर हळूहळू एखादी ओवी सोडायची, जात्यावरची, जिला जी येते ती. ओरडल्याशिवाय आवाज हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जातो हे स्वतःच्या कानानं ऐकलं की माणूस बदलतो, हे मी बघितलंय.

नंतर भाषा काढून घ्या. गिबरिश म्हणजे अर्थ नसलेली बडबड, हा खेळ शिकागोच्या व्हायोला स्पोलिन यांनी रुजवला. 1930-40 च्या दशकांत त्या शिकागोत वेगवेगळ्या देशांतून आलेल्या स्थलांतरित कुटुंबांच्या पोरांबरोबर काम करायच्या आणि त्यांचे खेळ त्या कामातून घडले. आपल्याकडं हे किती लागू आहे बघा, तांड्यावरचं पोरगं घरी गोरमाटी बोलतं, कुणी दखनी, देगलूरकडं तेलुगू, उमरगा-निलंग्याकडं कन्नड, आणि नाटकात आपण त्यांना पुस्तकी मराठी पाठ करायला लावतो. आधी तुम्ही करून बघा, एकजण मुख्याध्यापक, दुसरा बहिणीच्या लग्नासाठी रजा मागायला आलेला शिक्षक, आणि दोघांनी एकही खरा शब्द वापरायचा नाही. पाच मिनिटांत खांदे, मान, हात बोलायला लागतात. शब्दांचा आधार गेला की आपण किती कमी हालचाल करतो ते कळतं.

शरीरासाठी वेरुळचं एक काम सांगतो, तिथं गेलात तर प्रत्यक्ष, नाहीतर मोठा फोटो छापून भिंतीवर लावा. कैलास लेण्यातलं रावण कैलास हलवतो ते शिल्प सगळ्यांनी शाळेच्या सहलीत बघितलेलं असतं, पण नट म्हणून नाही. खाली रावण सगळ्या हातांनी पर्वत उचलायला जोर लावतोय, वर पार्वती दचकून शंकराच्या दंडाला धरून कललीय, मागं एक दासी चक्क पळत सुटलीय, आणि शंकर मात्र निवांत, नुसता पायाचा अंगठा दाबून. धक्का एकच, पण चौघांची अंगं चार तऱ्हेची. चार जणांना तसं उभं करा आणि थांबवून ठेवा. वजन कुठल्या पायावर आहे, श्वास आत आहे की बाहेर, नजर कुठं, हे एकेकाला विचारा. मग त्याच्या अर्धा मिनिट आधी काय चाललं होतं ते करा, नंतरचं अर्धा मिनिट करा. संवाद नाही, तरी तीन प्रसंगांचं नाटक उभं राहतं. गॅदरिंगमध्ये सगळी पोरं एका ओळीत उभी का दिसतात याचं उत्तर तिथं मिळतं. फक्त लेण्यातच जाऊन सराव करायचा विचार करू नका, ती संरक्षित वास्तू आहे आणि रविवारी पाय ठेवायला जागा नसते, तिथं फक्त बघा आणि काम हॉलवर येऊन करा.

शनिवारची रात्र गोंधळाला, म्हणजे देवीपुढं संबळावर रंगणाऱ्या आपल्या लोककलेला द्या, याच्यावर मी अडून बसेन. गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम तुमच्या परभणीचे, आणि परभणीचे शिक्षक अभिनय शिकायला दुसरीकडं बघतात याचं मला खरंच वाईट वाटतं. पण जेवणानंतरचा मनोरंजनाचा कार्यक्रम म्हणून नको. गोंधळ्याला गुरू म्हणून बसवा, शहरातून येणाऱ्या प्रशिक्षकाला जेवढं मानधन तेवढंच त्यांना, एक रुपया कमी नाही. आधी गण आणि देवतांना आवतन होऊ द्या, मग आख्यान लागलं की निरखून बघा. मुख्य गोंधळी कथा सांगता सांगता राजा होतो, त्याच वाक्यात राणी होतो, परत कथेकरी होऊन तुमच्याशी बोलतो, ना पोशाख बदलतो ना जागा. जोडीदार मधेच अडाणी प्रश्न विचारतो आणि त्या प्रश्नानं कथा पुढं सरकते. संबळ नुसता ताल धरत नाही, प्रसंग कधी बदलला ते संबळाच्या थापेवर कळतं. संपल्यावर त्यांना विचारा की राणी होताना तुम्ही आधी काय बदलता, मान, आवाज की नजर. आणि रविवारी सकाळी त्यांच्यासमोर जोडीजोडीनं तुम्ही तेच करा, आपल्या गावची कुठलीही घटना घेऊन, एक सांगणारा आणि एक विचारणारा. एकनाथांनी पैठणला भारुडात जोशी, वासुदेव, गोंधळी ही रस्त्यावरची माणसं उभी केली तीही याच वळणाची, एका माणसानं पात्र अंगावर घ्यायचं आणि लोकांशी थेट बोलायचं. दहावीच्या वाढीव गुणांसाठी लोककला शिकवणं वेगळं आणि स्वतःच्या अंगात ती घेणं वेगळं.

रविवारी दुपारी दोननंतर मात्र वर्गाचा विषय मोकळा करा, आणि एकच तंत्र घ्या. इंग्लंडच्या डोरोथी हीथकोट यांचं शिक्षकानं स्वतः भूमिकेत शिरून वर्गाशी बोलण्याचं. करायचं असं, की प्रशिक्षक खांद्यावर उपरणं टाकून ऊसतोडीचा मुकादम होतो आणि सहभागी लोक गावकरी. तो उचल म्हणजे तोडीचे आगाऊ पैसे द्यायला आलाय, एका कोयत्याला म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला किती देणार ते सांगतोय, आणि गावकरी त्याला प्रश्न विचारतायत, लेकरांना कुठं ठेवायचं, शाळेचं काय, आजारी पडलो तर. उपरणं काढलं की तो परत शिक्षक आणि मग चर्चा. बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास वर्गातली पोरं कारखान्यावर निघून जातात हे आपण दरवर्षी हजेरीपटावर बघतो, पण त्यावर वर्गात बोलायचं कसं ते सुचत नाही, या तंत्रात ती वाट आहे. एक काळजी मात्र घ्याच, ज्या पोराचे आईबाप खरंच तोडीला जातात त्याला त्या भूमिकेत उभं करायचं नाही आणि त्याच्याकडं बघून तर अजिबात प्रश्न विचारायचा नाही, गाव दुसरं, नावं दुसरी ठेवायची. मोठ्या शिक्षकांबरोबर करतानाही कुणाचं घर तोडीतलं असू शकतं, ते ध्यानात ठेवा.

शेवटी अभिप्रायाची भाषणं नकोत, प्रत्येकानं पुढच्या महिन्यात स्वतः करायचं एक काम सांगावं, पोरांकडून करून घ्यायचं नाही, स्वतः, एखादं स्वगत किंवा आख्यान, आणि महिन्यातून एका रविवारी परभणीत कुणाच्या तरी शाळेत दोन तास जमून ते एकमेकांना दाखवावं. हे चालू राहिलं तर शिबिराचा पैसा वसूल.

तारीख ठरली की सगळ्यात आधी गोंधळ्यांना फोन करा, हॉल नंतर. जुलै-ऑगस्टला मिळतील, पण लांबलं आणि नवरात्र किंवा लग्नसराईत गेलं तर ते एका रात्रीला पण मोकळे नसतात.