वासरू, व्हेटरन आणि व्हेटरिनरी : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : रोमन सैन्यातील निवृत्त सैनिक आजारी घोड्यांची देखभाल करीत, म्हणून जनावरांच्या डॉक्टरला 'व्हेटरिनेरियन' म्हणू लागले, असे एका व्याख्यानात ऐकले. 'व्हेटरन' आणि 'व्हेटरिनरी' यांचा संबंध खरोखर असा आहे का?

उत्तर : संबंध आहे, परंतु तो निवृत्त सैनिकांमार्फत जुळलेला नाही. 'व्हेटरन' हा शब्द लॅटिनमधील 'वेतुस', म्हणजे 'जुना', यापासून आला. पुढे ऑगस्टस सम्राटाच्या काळी लीजनमधील, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या पथकातील, नोकरीची मुदत 20 वर्षांची झाली, आणि ती पुरी करून जमीन किंवा रोख रक्कम घेऊन बाहेर पडणारा सैनिक 'वेतेरानुस' म्हणवला जाई. 'व्हेटरिनरी'च्या मुळाशी मात्र 'वेतेरिनाए' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'ओझे वाहणारी, गाडीला किंवा औताला जुंपायची जनावरे' असा होतो. बहुतेक अभ्यासक हाही शब्द 'वेतुस'शीच जोडतात : वर्ष उलटलेले, कामाला लावण्याइतके वाढलेले जनावर ते 'वेतेरिनुस'. 'वाहणे' या अर्थाच्या 'वेहेरे' या क्रियापदापासून तो आला असावा असेही एक मत आहे, पण मला पहिलेच अधिक पटते.

सैनिकांची कथा टिकत नाही याला पुरावा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेल्ला या लेखकाने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात मेंढ्यांविषयी लिहिताना तो म्हणतो की, कळपाच्या प्रमुखाला जनावरांच्या वैद्यकाचे ज्ञान असले पाहिजे, म्हणजे कोकरू पोटात आडवे आले तर ते त्याला सोडवता येईल. त्या वैद्यकासाठी त्याने वापरलेले विशेषण 'वेतेरिनारिया' हेच आहे, आणि तेथे ना घोडदळ आहे ना छावणी. रोमन सैन्यात 'वेतेरिनारी' होते हे खरे. परंतु ज्यांना नेहमीच्या कष्टाच्या कामांतून सूट असे, त्या नोकरीतल्या सैनिकांच्या यादीत त्यांचा उल्लेख येतो. ते निवृत्त नव्हते.

खरी गंमत याच्याही मागे आहे. 'वेतुस' ज्या आद्य भारोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या समान पूर्वज भाषेतील) धातूपासून निघाला, त्याचा अर्थ 'वर्ष' असा होता. ग्रीकमध्ये त्याचे 'एतोस' झाले आणि संस्कृतात 'वत्सर' व 'संवत्सर' झाले. 'वत्स' म्हणजे मुळात एका वर्षाचे पिल्लू. 'वत्सरूप'वरून आपले 'वासरू' आले आणि वासराला चाटणाऱ्या गाईवरून 'वत्सल' व 'वात्सल्य' आले. तेव्हा गुढीपाडव्याला पंचांगात वाचला जाणारा संवत्सर, वसुबारसेला पुजले जाणारे वासरू, रोमचा म्हातारा सैनिक आणि गुरांचा दवाखाना ही सगळी एकाच कुळातील मंडळी ठरतात. मोबाइलवर फिरणाऱ्या व्युत्पत्तींपेक्षा ही खरी व्युत्पत्ती कितीतरी अधिक चमत्कारिक आहे, असे मला नेहमी वाटते.

प्रश्न : मग इंग्रजीतील 'व्हेट' हा आपल्या 'वैद्य'चाच अपभ्रंश आहे, हे म्हणणे चूक का?

उत्तर : होय, चूक. 'वैद्य' हा 'विद्' म्हणजे 'जाणणे' या धातूपासून 'विद्या'मार्गे आला आहे. त्याचे युरोपातील नातलग म्हणजे लॅटिनमधील 'पाहणे' या अर्थाचे 'विदेरे' (ज्यावरून 'व्हिडिओ' आला) आणि इंग्रजीतील 'विट' व 'वाइज'. 'व्हेट' हे तर 'व्हेटरिनेरियन'चे एकोणिसाव्या शतकात झालेले छाटलेले रूप आहे. शर्यतीचा किंवा विक्रीचा घोडा आधी जनावरांच्या डॉक्टरकडून तपासून घेत, त्यावरून 'व्हेट करणे' म्हणजे बारकाईने तपासणे असा अर्थ रुळला आणि तो पुढे उमेदवारांना व कागदपत्रांनाही लागू झाला. अमेरिकेत 'व्हेट' म्हणजे माजी सैनिकही होतो; तेथे अर्थ संदर्भावरूनच ठरवावा लागतो.

प्रश्न : 'पशुवैद्य', 'पशुवैद्यक' आणि 'पशुवैद्यकीय' यांपैकी शुद्ध रूप कोणते? आणि आमच्या घरच्या जुन्या कागदांत 'सालोत्री' असा शब्द आढळला, तो कोण?

उत्तर : काटेकोरपणे पाहिले तर 'पशुवैद्य' ही व्यक्ती, 'पशुवैद्यक' हे शास्त्र आणि 'पशुवैद्यकीय' हे विशेषण होय. व्यवहारात डॉक्टरलाही 'पशुवैद्यक' म्हणतात आणि आता ते रुळले आहे. मी ते लाल शाईने खोडणार नाही. गावात मात्र 'गुरांचा डॉक्टर' किंवा 'ढोरांचा डॉक्टर' हेच चालते आणि तेथे व्याकरणाची अडचण येतच नाही.

या विद्येचे नाव आपल्याकडे फार जुने आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात, गिरनारच्या प्रतीत, 'मनुसचिकीछा' आणि 'पसुचिकीछा' अशा दोन चिकित्सांचा शेजारी शेजारी उल्लेख आहे. हत्तींच्या वैद्यकावर पालकाप्याच्या नावाने 'हस्त्यायुर्वेद' प्रसिद्ध आहे, तर घोड्यांचे वैद्यक परंपरेने शालिहोत्र ऋषींकडे जाते. या शालिहोत्रांवरूनच घोड्यांच्या वैद्याला 'सालोत्री' हे नाव पडले. उर्दूतही ते गेले आणि इंग्रजांच्या हिंदुस्थानी घोडदळातही हा हुद्दा होता. आपल्या कागदांत घोड्यांचा किंवा पागेचा उल्लेख असेल, तर तो हाच मनुष्य समजावा.

घोड्यापासून या व्यवसायाचे नाव पडणे ही केवळ आपलीच रीत नाही. ग्रीकमध्ये तो 'हिप्पिआत्रोस', म्हणजे अश्ववैद्य. त्याचेच अरबीत 'बैतार' झाले. तेराव्या शतकातील प्रसिद्ध वनस्पतितज्ज्ञ इब्न अल-बैतार यांच्या नावाचा अर्थच 'बैताराचा पुत्र' असा आहे. इंग्लंडमध्ये घोड्यांचा इलाज करणारा 'फॅरियर' होता, म्हणजे लोखंडाशी नाते सांगणारा, आपल्याकडील नालबंद. क्लोद बूर्जला यांच्या पुढाकाराने 1761 मध्ये फ्रान्समधील लियों येथे पहिली पशुवैद्यकीय शाळा स्थापन झाली, 1791 मध्ये लंडनला महाविद्यालय निघाले आणि त्यानंतर 'व्हेटरिनरी' या शब्दाने इंग्रजीतून नालबंदाला हळूहळू मागे सारले. मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 मध्ये सुरू झाले.

प्रश्न : 'व्हॅक्सिन' हा शब्द गाईवरून आला, असे म्हणतात. मग मराठीत 'लस' का?

उत्तर : लॅटिनमध्ये गाय म्हणजे 'वाक्का'. एडवर्ड जेन्नर यांनी 1796 मध्ये गाईंच्या देवीतील द्रव एका मुलाला टोचून त्याचे देवीपासून रक्षण होते हे दाखवले आणि 1798 च्या आपल्या पुस्तिकेत त्या रोगाला 'गाईची देवी' या अर्थाचे लॅटिन नाव दिले. तोवर शब्द देवीपुरताच होता. कोंबड्यांचा कॉलरा आणि मेंढ्यांचा अँथ्रॅक्स (फाशी) यांवर प्रतिबंधक टोचण्या तयार केल्यानंतर लुई पाश्चर यांनी 1881 मध्ये लंडनच्या परिषदेत, जेन्नर यांच्या सन्मानार्थ हाच शब्द अशा सर्व टोचण्यांना वापरावा, असे सुचवले. गाईपासून निघालेला शब्द अशा रीतीने कोंबडी व मेंढी यांच्यामार्फत सगळ्या रोगांना लागू झाला.

मराठीने गाय न पाहता प्रत्यक्ष पदार्थ पाहिला. जखमेतून किंवा फोडातून पाझरणारा चिकट स्राव म्हणजे लस. मुंबईत 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली टोचणी दिली गेली, तेव्हा एका दंडावरच्या फोडातील स्राव काढून दुसऱ्या दंडावर टोचायचा, हीच पद्धत होती. शब्द त्या पद्धतीला अगदी चपखल बसतो, मात्र आजच्या बाटलीतल्या औषधाकडे पाहून तो कळणार नाही.

प्रश्न : घटसर्प माणसांनाही होतो आणि गुरांनाही. रोग एकच आहे का?

उत्तर : नाही, आणि हा गोंधळ टाळणे आवश्यक आहे. मुलांचा घटसर्प म्हणजे डिप्थीरिया; ग्रीकमध्ये 'दिफ्थेरा' म्हणजे कातडे, आणि घशात धरणाऱ्या कातड्यासारख्या पापुद्र्यावरून हे नाव पडले. गाई-म्हशींचा घटसर्प पाश्च्युरेला या, पाश्चर यांच्याच नावाच्या, जिवाणूंमुळे होतो. दोन्हींत घशाला सूज येते एवढेच साम्य पाहून लोकांनी एक नाव वापरले. जिवाणू वेगळे आहेत आणि लसीही वेगळ्या आहेत. गुरांना ही लस पावसाळ्यापूर्वी टोचून घेतात.

याच्या उलट उदाहरण अँथ्रॅक्सचे. हा एकच रोग गुरांत 'फाशी' आणि माणसाच्या त्वचेवर 'काळपुळी' अशा दोन नावांनी ओळखला जातो. ग्रीक 'अँथ्राक्स' म्हणजे कोळसा, आणि लॅटिनमध्येही अशा काळ्या फोडाला 'कार्बुन्कुलुस', म्हणजे लहानसा कोळसा, म्हणत. पुळीवर धरणारी काळी खपली ग्रीक, लॅटिन आणि मराठी या तिघींनाही सारखीच दिसली आहे. फाशीने जनावर मेल्याचा संशय असल्यास ते उघडू नये, कारण रक्ताला हवा लागताच जिवाणूंचे टणक बीजाणू बनतात आणि ते मातीत अनेक वर्षे टिकतात.