सील बदलल्यावर एअर पिस्तुलाचे शॉट खाली पडताहेत? साइटला हात लावू नका

तुम्ही लिहिलंय की 10 मीटर एअर पिस्तुलाचं ब्रीच सील (गोळी भरायच्या जागी हवा अडवणारी रबरी रिंग) झिजलं होतं म्हणून मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून ओ-रिंग आणून घरीच बसवली, आणि तेव्हापासून सगळे शॉट टार्गेटवर तीनेक रिंग खाली जाताहेत. एक पेलेट, म्हणजे छोटी गोळी, तर नळीतच अडकलाय. मागचा साइट (नेम धरायची खाच) फिरवून शॉटचा ग्रुप वर आणू का, हा तुमचा प्रश्न. नका आणू. साइट जागच्या जागी आहे, वेग पडलाय.

हिशोब सोपा आहे. मॅच पिस्तुलाचा पेलेट सेकंदाला साधारण 140 मीटर वेगाने निघतो आणि 10 मीटर जाईपर्यंत अडीच सेंटीमीटर खाली येतो. वेग 100 वर आला तर तोच पेलेट जवळजवळ पाच सेंटीमीटर खाली येतो. टार्गेटची एक रिंग 8 मिलिमीटरची, म्हणजे झाल्या तुमच्या तीन रिंग.

आधी अडकलेला पेलेट. त्याच्यामागे दुसरा मारून तो काढायचा प्रयत्न अजिबात नको. हवेचा सिलिंडर काढा. काढल्यावरही आत एखाद्या शॉटची हवा राहते, ती सुरक्षित दिशेला सोडून द्या. पेलेट त्याबरोबर सुटूही शकतो, म्हणून समोर कुणी नको. नाहीच निघाला तर ब्रीच उघडी ठेवून तोंडाकडून रॉडने हलकेच मागे ढकला.

तो पेलेट फेकू मात्र नका. त्याचा मागचा घेर, म्हणजे मागची पसरट कडा, नीट बघा. एका बाजूने कातरल्यासारखा दिसला तर नवी ओ-रिंग बोअरमध्ये (नळीच्या पोकळीत) डोकावतेय. ही गफलत फार होते, कारण दुकानात आपण जुनी रिंग नव्या रिंगवर ठेवून आतला व्यास जुळवतो आणि ‘सेम आहे’ म्हणून घेऊन येतो. 1.5 आणि 1.78 मिलिमीटर जाडी नुसत्या डोळ्यांना कळत नाही, व्हर्निअर कॅलिपर लावावाच लागतो. शिवाय रबराचा कडकपणा. 70 शोअरची (शोअर म्हणजे कडकपणाचं माप) रिंग बोटाला मऊ, छान लागते, पण मूळ रिंग 90 ची असेल तर ही दाबाखाली पसरते आणि हवा येण्याचं भोक अर्धवट झाकते. मग गळती कुठेच सापडत नाही आणि वेग तर कमीच.

घेर शाबूत असेल तर रेंजवर पेलेट भरून ब्रीचच्या फटीवर टिश्यू पेपरची पट्टी ठेवा आणि नेहमीसारखा टार्गेटवर शॉट मारा. पट्टी उडाली तर हवा मागे निसटतेय: रिंग बारीक आहे, खाचेत पिळली गेलीय किंवा बसवताना धारेवर कापली गेलीय.

यातलं काहीच नसेल तर जुनी, झिजकी रिंग परत बसवा आणि क्रोनोग्राफवर (पेलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) दहा शॉट घ्या. वेग बराचसा परत आला तर दोष नव्या रिंगचा. तसाच पडलेला राहिला तर पिस्तूल उघडताना आणखी काय काय हलवलं ते आठवा. हॅमरच्या (व्हॉल्व्हवर आदळून हवा सोडणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगचा स्क्रू बहुतेकांच्या हातून ‘सहज’ फिरलेला असतो! पण गळती शोधायच्या आधी तोच स्क्रू आवळून वेग वाढवू नका. आकडा बरा दिसेल, पण गळती तिथेच राहील आणि 200 बार दाबाचा सिलिंडर भराभर रिकामा होईल.

रिंगला लावताना फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही नावापुरतं. शिलाई मशीनचं तेल किंवा गाडीचं ग्रीस दाबाच्या हवेत पेट घेऊ शकतं. हातपंपाने भरत असाल तर आपल्याकडच्या पावसाळ्यात पंपाचा ओलावा शोषणारा फिल्टर वेळेवर बदला, नाहीतर पाणी थेट व्हॉल्व्हपर्यंत जातं.

पेलेटचा घेर कसा दिसतो आणि पट्टी उडाली का, एवढं कळवा. रेग्युलेटर (हवेचा दाब ठरावीक ठेवणारा भाग) तोवर उघडू नका.